आधी कागद, मग सांगाडा, इंजिन शेवटी

जुनी मोटरसायकल बघायला गेलेला माणूस आधी किक मारतो. इंजिन लागलं, आवाज कानाला बरा वाटला, की निम्मा सौदा मनातल्या मनात तिथंच झालेला असतो. मग टाकीवरचा पोचा दिसत नाही, चॅसी नंबर आरसीशी ताडून बघायचं राहून जातं, आणि एका बाजूचं साइड पॅनेल नाही ही गोष्ट ‘मिळेल कुठंतरी’ म्हणून सोडून दिली जाते. हौस म्हणून जुनी गाडी घेऊन, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं काम करत ती उभी करायची असेल, तर हा क्रम मुळापासून उलटा करा. मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

कारण साधं आहे. अख्ख्या गाडीत सगळ्यात सहज दुरुस्त होणारी गोष्ट म्हणजे इंजिन. सिलिंडर झिजला तर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवता येतो. स्टँडर्डनंतर पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर अशी वाढीव मापं बहुतेक चालत्या मॉडेलांना मिळतात. क्रँकमध्ये नवा कनेक्टिंग रॉड प्रेस करून मिळतो. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो सांगितला की बेअरिंगच्या दुकानात काम होतं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात झिजलेला बुश हातात घेऊन गेलात, तर तसाच दुसरा लेथवर काढून देणारा माणूस सापडतो. पण हरवलेली आरसी, पुसलेला चॅसी नंबर आणि मूळचं पत्र्याचं चेनकव्हर कुठल्याही लेथवर निघत नाही. त्यामुळे इंजिन बंद असलेली, पण सगळे भाग जागेवर आणि कागद स्वच्छ असलेली गाडी ही सुरू असलेल्या अर्धवट गाडीपेक्षा शेवटी स्वस्तात पडते.

गाडी कुठली घ्यायची, हे बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. वडिलांकडं जी होती ती, किंवा कॉलेजात असताना जी परवडली नाही ती. ही ओढ खरी असते आणि तिच्या विरोधात जाऊ नये. काम रखडतं तेव्हा तीच उपयोगी पडते. तरीही पहिलीच गाडी असेल तर दोन गोष्टींचा विचार करा. आरएक्स १०० हे अनेकांचं स्वप्न आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली, ९८ सीसीची, हलकी आणि चपळ अशी ती टू-स्ट्रोक. पण मागणी इतकी आहे की चांगल्या गाडीला लाखाच्या पुढं भाव सांगतात. जिथं भाव चढतो तिथं बनवाबनवीही येते: आरएक्सजी किंवा आरएक्स १३५ चे भाग लावून, टाकीवर स्टिकर मारून ‘ओरिजिनल शंभर’ म्हणून विकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. राजदूत ३५० तर पहिल्या कामासाठी घेऊच नका. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, आणि एकेका भागासाठी महिनोन्‌महिने वाट बघायची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जावं. केबी १०० किंवा सामुराई स्वस्तात मिळतात, पण स्वस्त मिळण्याचं एक कारण भागांची टंचाई हेही असतं.

हात बसवायला मला दोनच गाड्या सुचवाव्याशा वाटतात. एक, हिरो होंडाची सीडी १००. ती १९८५ मध्ये आली, आणि तिच्या ९७.२ सीसी इंजिनाचा वंश पुढं स्प्लेंडरमध्ये चालत राहिला, त्यामुळे तालुक्याच्या गावातही भाग मिळतात आणि काम जाणणारा मिस्त्रीही. दुसरी येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकात जावा बनू लागली, सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना थांबला. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्यावर जीव टाकणारी माणसं देशभर आहेत, म्हणून तिचे नव्यानं बनवलेले भाग आजही विकत मिळतात. २५० सीसीचं एकच सिलिंडर, वायरिंग मोजकं, आणि गिअरचीच दांडी फिरवून किक मारायची ती अनोखी रचना. काम शिकायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही. जुनी कास्ट आयर्न बुलेटही चालेल, फक्त ती जड आहे, तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या मैदानात पायाला ती सवय लावून घ्यावी लागते.

आता कागद. इथं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझी पहिली जुनी गाडी याच ठिकाणी अडकली.

गाडी सुरेख होती. इंजिन एका किकला लागायचं. विकणारा म्हणाला, आरसी आहे, हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर मालकाची सही घेऊन ठेवलेली आहे, तुम्ही फक्त तारीख टाका. मी पैसे दिले. हस्तांतर करायला गेलो तेव्हा कळलं की ज्यांची सही होती ते गृहस्थ वारून सहा वर्षं झाली होती. तो फॉर्म तिथंच निकामी झाला. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो, मृत्यूचा दाखला लागतो, बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि त्यानंतरच ती वारसाकडून तुमच्या नावावर येऊ शकते. त्या घरातली चार भावंडं चार गावांत होती. त्यांची माझ्याशी काही तक्रार नव्हती, पण एका जुन्या मोटरसायकलीसाठी सह्या करायला कोण कशाला येईल? दोन वर्षं ती गाडी माझ्या दारात उभी होती आणि मला ती रस्त्यावर काढता येत नव्हती.

तेव्हापासून मी कागद बघतो तो असा. आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का? नसेल तर मालकाला भेटल्याशिवाय पैसे नाहीत. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि त्यावर मालकानं तुमच्यासमोर सही केलेली असावी. गाडी कर्जावर घेतली होती का, आणि आरसीवर बँकेची किंवा पतसंस्थेची नोंद अजून आहे का? असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांचं ना-हरकत पत्र. १९९१ साली घेतलेलं कर्ज फिटलेलं असतं, पण नोंद काढायची राहिलेली असते, आणि ती पतसंस्थाच बंद पडलेली असेल तर पत्र मागायचं कुणाकडं हा प्रश्न तुमच्या गळ्यात येतो. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका आणि ती हातात पडेपर्यंत पुरी रक्कम देऊ नका. आरसी हरवली असेल तर तिची दुय्यम प्रत काढणं मालकाच्याच हातात असतं. ‘तुम्ही काढून घ्या, सोपं आहे’ हे ऐकलं की सरळ नमस्कार करून परत या.

जुन्या नंबरांची एक वेगळीच अडचण आहे. महाराष्ट्रात १९८९ च्या सुमाराला एमएच आणि आकडे, म्हणजे कोल्हापूरला एमएच-०९, पुण्याला एमएच-१२, अशी पद्धत आली. त्याआधी ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. अशा गाड्यांची नोंद कित्येकदा आरटीओच्या जुन्या रजिस्टरातच राहिलेली असते, संगणकावर चढलेली नसते. एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून बघा. काहीच आलं नाही, तर मालकाला आधी आरटीओत जाऊन ती नोंद ऑनलाइन करून घ्यायला सांगा. तिथं याला ‘बॅकलॉग’ म्हणतात, आणि रजिस्टरचं पान सापडणं न सापडणं यावर सगळं अवलंबून असतं. याउलट गाडी १९८६ च्या मॉडेलची आणि नंबर मात्र एमएचचा, असं दिसलं तर ती मधल्या काळात कुठून आली, हे विचारा. उत्तर सरळ असू शकतं. दुसऱ्या राज्यातून आली की नवा नंबर मिळतो. पण उत्तर मिळालं पाहिजे.

पासिंगचंही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. वीस वर्षं गोठ्यात पडलेल्या गाडीचं पासिंग कधीच संपलेलं असतं आणि उशिराचं शुल्क महिन्यागणिक चढतं. हा खर्च आरटीओत आधी विचारून घ्या आणि गाडीच्या किमतीतून वजा करा. थकलेली ई-चलनं, उच्च सुरक्षा नंबर प्लेट, थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हेही त्याच हिशेबात धरा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षं टिकते, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. ज्याला रविवारी सकाळी जोतिबाला जाऊन यायचं आहे त्यानं साधी नोंदणीच चालू ठेवावी.

कागद जुळला की सांगाडा. सोबत कोरा पातळ कागद आणि पेन्सिल न्या. चॅसी नंबर बहुधा हँडलच्या खाली, मानेवर असतो. तिथला चिखल-ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उमटतात आणि डोळ्याला न दिसलेलं तिथं दिसतं: एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, एखादा तिरका, किंवा आकड्यांभोवतीचा पत्रा घासून सपाट केलेला. नंबर पुन्हा पंच केला असेल आणि त्याची आरसीत नोंद नसेल, तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडा. चोरीची गाडी असण्याची शक्यता त्यात असते. इंजिन नंबरचा छापही असाच घ्या. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल, तर पासिंगच्या वेळी अडणार.

मग मानेजवळचे, स्विंगआर्मजवळचे वेल्डिंगचे जोड बघा. कारखान्याचं वेल्डिंग आणि गल्लीतलं वेल्डिंग यांतला फरक नवख्या डोळ्यालाही कळतो. मधल्या काळात मागची चौकट कापून कॅफे रेसर बनवण्याची लाट येऊन गेली. अशी कापलेली चॅसी घेऊ नका, ती पासिंगला अडते आणि मूळ रूपात आणणं जवळजवळ नवी चॅसी शोधण्याइतकं अवघड. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागून दहा पावलांवर उभे राहा आणि एक डोळा मिटून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट गेलाय, ते स्वस्तातलं काम आहे. फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र नवे ऑइल सीलही आठवड्यात गळतील.

खिशात एक लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळलेला, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही. टाकीवरून, मडगार्डवरून तो हळूहळू फिरवायचा. जिथं तो धरत नाही तिथं पत्र्याऐवजी पुटी आहे. वरून नवा रंग चकाकत असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीनं करा. माझ्या मते ताजा रंग मारलेल्या गाडीपेक्षा उडालेल्या रंगाची गाडी केव्हाही बरी; तिच्यात काय खराब आहे ते समोर दिसतं.

आता पूर्णपणाबद्दल. गडहिंग्लजकडं एका शेतातल्या खोपीत मी एक येझदी बघायला गेलो होतो. वर खताची रिकामी पोती, सीटवर कोंबडी बसून बसून पडलेला खळगा, दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले. मालक सत्तरीचे काका. म्हणाले, “पाव्हणं, इंजिन लागत न्हाई बरं का. पर एक नट हालल्याला न्हाई.” मी उकिडवा बसून यादी काढायला लागलो. दोन्ही सायलेन्सर आहेत. टाकीच्या बाजूचे गुडघ्याचे रबर आहेत, कडक झालेत, पण आहेत. चेनकव्हर पूर्ण आहे. हेडलाइटच्या डोममध्ये स्पीडोमीटर आणि स्विच जागेवर आहेत. टूलबॉक्सचं झाकण आहे. काका आत गेले आणि साखर कारखान्याची एक कापडी पिशवी घेऊन आले. तीत गाडीची पहिली किल्ली, १९८४ ची पावती आणि एकदा पडलेला म्हणून काढून ठेवलेला टाकीचा बिल्ला होता. इंजिन जाम होतं, किक तसूभर हलत नव्हती. मी ती गाडी त्याच दिवशी ठरवली, आणि आजवर घेतलेल्या गाड्यांत तिनंच मला सगळ्यात कमी त्रास दिला.

तुम्हीही अशी यादी करा. घरून निघण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या मूळ गाडीचे चारी बाजूंचे फोटो मोबाइलवर घेऊन जा आणि एकेक भाग ताडून बघा. साइड पॅनेल आणि त्यांची कुलपं, चेनकव्हर, सायलेन्सर, मडगार्डचे आधार, हेडलाइटची रिंग, मीटर, एअर फिल्टरचा डबा. जे नाही त्याची किंमत त्याच संध्याकाळी विचारा. पुण्यात नाना पेठेत दुकानं आहेत, बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येतं. मूळचा भाग आणि नव्यानं बनवलेला भाग यांत पत्र्याच्या जाडीचा फरक असतो. बोटानं टिचकी मारली की आवाजात कळतो.

इंजिनाकडं आता या. मालकाला फोनवरच सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा हात सिलिंडरवर ठेवा. गरम लागला तर तुमच्यासाठी ती तापवून ठेवलेली आहे, आणि थंड असताना ती लागत नाही हे समजून चाला. टू-स्ट्रोकला मॅग्नेटचं कव्हर उघडू दिलं तर रोटर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. हाताला ढिलाई जाणवली तर क्रँकची बेअरिंगं गेली. सुरुवातीचा निळसर धूर साहजिक आहे. पण गरम झाल्यावरही दाट धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत असेल तर क्रँकच्या बाजूचा सील तेल आत ओढतोय. सीडी १०० सारख्या फोर-स्ट्रोकला निळा धूर दिसला की पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील. हे सगळं ‘नको’ म्हणायचं कारण नाही, भाव पाडायचं कारण आहे.

किक जाम असेल तर पायानं जोर लावू नका, किकशाफ्ट तुटतो. प्लग काढा, भोकातून बॅटरी मारून पिस्टनचा माथा आणि दिसतो तेवढा सिलिंडर बघा. त्या येझदीला मी प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं होतं, रोज संध्याकाळी मागचं चाक गिअरमध्ये टाकून हातानं पुढं-मागं हलवत होतो. नवव्या दिवशी टक् असा आवाज झाला आणि पिस्टन सुटला. बोअर करावंच लागलं, पण क्रँक वाचला.

किंमत ठरवताना माझा हिशेब असा: गाडीला जेवढे देणार तेवढेच कामासाठी बाजूला ठेवता येत असतील तरच घ्यायची. क्रोम, रंग, टायर, सीट आणि वायरिंग मिळून इंजिनापेक्षा जास्त खातात. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, शेवटचे दोन आकडे वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच. भाव करताना मालकासमोर त्याच्या गाडीला भंगार म्हणू नका. ज्यानं पोत्याखाली झाकून का होईना तीस वर्षं ती सांभाळली, त्याला गाडी कुणाच्या हातात जातेय याची पैशापेक्षा जास्त काळजी असते. तुम्ही ती कशी उभी करणार ते त्याला सांगा. व्यवहार ठरला की तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट करा, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा, पैसे बँकेतून द्या, आणि हस्तांतराचा अर्ज लगेच टाका.

गाडी चालवत आणू नका, सुरू असली तरी. तीस वर्षांच्या ब्रेक शूवर आणि केबलवर कुणी विसंबू नये. छोटा हत्ती भाड्यानं घ्या, चारी बाजूंनी दोरीनं आवळा, टाकी रिकामी करून आणा. घरी आल्यावर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून येणारं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यानं टाकी आतून गंजते, आणि जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे वॉशर फुगून मऊ पडतात. नळी आणि वॉशर नव्या प्रकारचे घाला, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्या.

आणि पाना हातात घेण्याआधी मोबाइल घ्या. प्रत्येक जोडाचा, प्रत्येक वायरीचा फोटो काढा. सुटलेले नट-बोल्ट ज्या भागाचे असतील त्याच्या नावाची चिठ्ठी घालून वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. काकांच्या गाडीचा तो टाकीचा बिल्ला असाच एका पिशवीत सात महिने होता. टाकीला रंग झाल्यावर मी तो शेवटी लावला, आणि त्या संध्याकाळी गाडीचा फोटो काकांना पाठवला.